परसबागेतील मिरचीच्या वाणांची निवड व पारख

परसबागेसाठी मिरचीच्या वाणाची निवड करताना घरातील वापर, उपलब्ध जागा, हवामान आणि रोग-किडींचा संभव यांचा एकत्रित विचार केला जातो. लागवडीनंतर तिखटपणा, स्वाद, रंग, उत्पादन आणि काटकपणा या अंगांनी वाणाची पारख होते. मिरची हे मोठ्या विविधतेचे पीक आहे. एकाच कुलातील, पुष्कळदा एकाच प्रजातीतील वाणांमध्ये अजिबात तिखट नसलेली ढोबळी मिरची असते आणि जिभेला सहन न होणारी लवंगीही असते. त्यामुळे रोपवाटिकेतून केवळ ‘मिरचीचे रोप’ म्हणून आणलेल्या रोपाला लागणारी फळे घराच्या उपयोगाची असतीलच असे नाही. रोप लावल्यापासून पहिली तोडणी मिळेपर्यंत साधारण दोन ते अडीच महिने जातात. निवड चुकल्यास पुष्कळदा संपूर्ण हंगाम वाया जातो.

## पार्श्वभूमी

मिरचीचे मूलस्थान अमेरिका खंडात आहे. पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात ती गोव्यात व तेथून भारताच्या इतर भागांत पसरली. त्यापूर्वी भारतीय स्वयंपाकात तिखटपणासाठी मुख्यतः काळी मिरी, पिंपळी आणि आले यांचा वापर होत असे. नव्या पिकाने अल्पावधीत मिरीची जागा घेतली; ‘मिरची’ हे नावही मिरीवरूनच रूढ झाले. चारशेहून अधिक वर्षांच्या लागवडीत शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीला, पावसाला आणि चवीला मानवतील अशा झाडांचे बी राखले. त्यातून भारतात अनेक स्थानिक वाण तयार झाले.

## प्रजाती

मिरचीचा समावेश सोलॅनेसी कुलातील कॅप्सिकम या प्रजातिसमूहात होतो. वांगी, टोमॅटो, बटाटा आणि तंबाखू ही याच कुलातील पिके आहेत. लागवडीखाली आलेल्या मिरचीच्या प्रजाती पाच आहेत:

* कॅप्सिकम अ‍ॅन्यूम – भारतातील बहुतेक मिरच्या या प्रजातीतील आहेत. फुले पांढरी असून बहुधा प्रत्येक पेऱ्यावर एकेक लागतात. ढोबळी मिरची, ब्याडगी, ज्वाला, गुंटूर सन्नम आणि मेक्सिकोतील हालापेन्यो या सर्व याच प्रजातीच्या होत.
* कॅप्सिकम फ्रुटेसेन्स – लहान, बहुधा वर तोंड केलेली, अतितिखट फळे. फुले हिरवट पांढरी. केरळातील कांथारी मिरची या गटातील आहे. झाड अनेक वर्षे टिकते.
* कॅप्सिकम चिनेन्स – हाबानेरो व तत्सम सुगंधी, अतितिखट मिरच्या. १७७६ मध्ये ठेवलेल्या या नावातून ती चीनमधील असल्याचा समज होतो, परंतु तिचे मूलस्थानही अमेरिकाच आहे. ईशान्य भारतातील भूत जोलोकिया प्रामुख्याने या प्रजातीची असून तिच्यात फ्रुटेसेन्सचाही अंश आढळतो.
* कॅप्सिकम बॅकेटम – पाकळ्यांवर पिवळसर हिरवे ठिपके. लागवड मुख्यतः दक्षिण अमेरिकेत.
* कॅप्सिकम प्युबेसेन्स – लवयुक्त पाने, जांभळी फुले आणि काळे बी. थंड, उंच प्रदेशातच चांगली वाढते.

महाराष्ट्र व गोव्यातील परसबागेत पहिल्या दोन प्रजाती सहज येतात. चिनेन्स प्रजातीची रोपे दमट हवेत चांगली वाढतात, परंतु त्यांचे बी उगवण्यास उशीर लागतो आणि फळे मिळण्यासही अधिक काळ जातो.

## तिखटपणाचे स्वरूप व मापन

मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन व त्याच्याशी संबंधित संयुगांमुळे येतो. ही संयुगे बियांमध्ये तयार होत नाहीत. फळाच्या आत बिया ज्या पांढरट शिरेला चिकटलेल्या असतात, त्या बीजकाधानीत ती तयार होतात. शिरेच्या सान्निध्यामुळे बियांना तिखटपणा लागतो. म्हणून केवळ बी काढल्याने मिरची पुरेशी सौम्य होत नाही, त्यासाठी पांढरी शीरही खरवडून काढावी लागते. फळाचे टोक सर्वांत कमी तिखट आणि देठाकडील भाग सर्वांत तिखट असण्याचे कारणही हेच आहे.

कॅप्सायसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंवरील ग्राहीला उद्दीपित करते. त्यामुळे प्रत्यक्षात ऊती भाजलेली नसतानाही मेंदूला दाहाचा संदेश जातो. या ग्राहीचा शोध अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये लावला. ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांमधील ग्राहीवर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही. पक्षी फळे खाऊन बी दूरवर पसरवतात, तर बी चावून नष्ट करणारे सस्तन प्राणी तिखटपणामुळे फळापासून दूर राहतात. परसबागेतील पिकलेली लवंगी पोपट व बुलबुल बिनदिक्कत खातात, ते यामुळेच.

तिखटपणा मोजण्याची पद्धत अमेरिकी औषधनिर्माते विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मांडली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात क्रमाक्रमाने पातळ केला जाई आणि चव घेणाऱ्यांना तिखटपणा जाणवेनासा होईपर्यंत तो किती पट पातळ करावा लागला, त्यावरून अंक ठरवला जाई. आता हे मापन वर्णलेखन यंत्राने केले जाते, तरी एकक स्कोव्हिलच्याच नावाने ओळखले जाते. काही अंक पुढीलप्रमाणे आहेत:

* ढोबळी मिरची – ०
* हालापेन्यो – सुमारे २,५०० ते ८,०००
* केयेन – सुमारे ३०,००० ते ५०,०००
* हाबानेरो – सुमारे १ लाख ते ३.५ लाख
* भूत जोलोकिया – १० लाखांच्या आसपास. २००७ मध्ये जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस पुस्तकात नोंद
* पेपर एक्स – सरासरी २६,९३,०००. २०२३ मध्ये गिनेस नोंद
* शुद्ध कॅप्सायसिन – सुमारे १.६ कोटी

निवडीसाठी हे अंक केवळ दिशादर्शक ठरतात. एकाच वाणाची, इतकेच नव्हे तर एकाच झाडावरची फळेही तिखटपणात भिन्न असतात. फळाचे वय, उष्णता आणि पाण्याचा ताण यांचा त्यावर परिणाम होतो. पावसाळ्यात सौम्य वाटलेला वाण उन्हाळ्यात अधिक तिखट लागू शकतो.

## निवडीचे निकष

### वापर

वाण निवडताना फळ कोणत्या कामासाठी हवे, हे प्रथम ठरवावे लागते. सालीची जाडी आणि तिखटपणा यांवर फळाचा उपयोग अवलंबून असतो.

* ठेचा, फोडणी व रोजची भाजी – मध्यम ते जास्त तिखट, पातळ सालीची आणि हिरवेपणी स्वाद असलेली मिरची. उदाहरणार्थ ज्वाला किंवा लवंगी.
* भजी व भरली मिरची – जाड सालीची, लांब, कमी तिखट मिरची, उदाहरणार्थ भावनगरी.
* सांडगी मिरची – भरण्याजोगी आणि वाळल्यावर न फाटणारी मध्यम आकाराची मिरची.
* लाल तिखट व मसाला – पातळ साल, कमी ओलावा आणि गडद लाल रंग असलेला वाण. जाड सालीची मिरची उन्हात वाळण्यापूर्वीच तिला बुरशी लागण्याचा संभव असतो.
* रंग – लाल रंग कॅप्सँथिन व कॅप्सोरुबिन या रंगद्रव्यांमुळे येतो. त्याचा तिखटपणाशी संबंध नसतो. ब्याडगी रंगास गडद असूनही तुलनेने सौम्य असते. म्हणून घरगुती मसाल्यात रंगासाठी एक आणि तिखटपणासाठी दुसरी मिरची मिसळण्याची प्रथा आहे.

लाल तिखटासाठी वाळवल्यावर ताज्या मिरचीच्या वजनात मोठी घट होते. त्यामुळे चार-सहा कुंड्यांतून कुटुंबाचे वर्षाचे तिखट निघत नाही. गच्चीवरील बागेत हिरव्या मिरचीचे वाण निवडणे अधिक फलदायी ठरते. वाळवणाच्या मिरचीला वाफ्यांची जागा लागते.

### जागा

मिरचीला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन आवश्यक असते. सावलीत झाड उंच व लुसलुशीत वाढते, पण फुले कमी लागतात. कुंडीसाठी बुटके, पसरट, फांद्या भरपूर फुटणारे वाण योग्य असतात. कुंडी सुमारे ३० सेंमी खोल व तळाला पाण्याचा निचरा होणारी असावी. वाफ्यात दोन झाडांत ४५ ते ६० सेंमी अंतर ठेवले जाते. वर्षानुवर्षे टिकणारी लवंगी परसातील एका कोपऱ्यात, विहिरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्यावर लावण्याची पद्धत कोकणात व गोव्यात आढळते. न्हाणीचे साबणमिश्रित पाणी मात्र झाडाला थेट देऊ नये.

### हवामान व हंगाम

महाराष्ट्रात खरीप हंगामासाठी मे-जूनमध्ये, तर उन्हाळी हंगामासाठी हिवाळ्याच्या उत्तरार्धात बी पेरले जाते. रोपे पाच-सहा आठवड्यांची झाल्यावर त्यांची पुनर्लागवड करतात. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास किंवा रात्री फार थंड झाल्यास फूलगळ होते. ही गळ सर्व वाणांत सारखी नसते. विदर्भ व मराठवाड्यासारख्या उष्ण भागात उन्हाळ्यातही फळ धरणारा वाण मोलाचा ठरतो, तर कोकणात संततधार पावसात फळ न कुजणे हा मुख्य निकष असतो.

### रोग व किडी

मिरचीवरील सर्वांत हानिकारक विकृती म्हणजे पाने वळून झाड खुरटणे. ग्रामीण भागात तिला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. तिची कारणे वेगवेगळी असतात. फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात. कोळी या किडीमुळे त्या खालच्या बाजूस वळतात. पांढऱ्या माशीमार्फत येणाऱ्या विषाणूमुळे पाने आकसून शेंडा गोळा होतो. कीड आवरल्यास पहिल्या दोन प्रकारांत झाड सावरू शकते. विषाणुग्रस्त झाड मात्र बरे होत नाही, ते उपटून नष्ट करावे लागते. म्हणून वाण निवडताना त्याच परिसरात तो विषाणूला किती तोंड देतो, याची चौकशी उपयुक्त ठरते. फळकूज व फांद्या वाळणे, भुरी आणि मर हे इतर महत्त्वाचे रोग आहेत. एकाच मातीत मिरचीनंतर वांगी किंवा टोमॅटो लावल्यास मर रोगाचा धोका वाढतो.

## काही वाण

### स्थानिक वाण

* भिवापुरी – नागपूर जिल्ह्यातील भिवापूर परिसरातील लाल मिरची. भौगोलिक मानांकन प्राप्त.
* संकेश्वरी – कर्नाटकातील संकेश्वर व लगतच्या गडहिंग्लज भागातील लांब, सुरकुतलेली मिरची. कोल्हापूरकडील मसाल्यात तिला विशेष मान आहे.
* लवंगी – लहान, निमुळती आणि अतितिखट. हे नाव वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वाणांना दिले जाते, त्यामुळे बी घेताना केवळ नावावर विसंबणे योग्य नसते.
* खोला – गोव्यातील काणकोण तालुक्यात डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर घेतली जाणारी मिरची. भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळाले.
* हरमल – गोव्यातील पेडणे तालुक्यातील मिरची. हिलाही भौगोलिक मानांकन आहे.
* ब्याडगी – कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील. डब्बी व कड्डी असे दोन प्रकार. भौगोलिक मानांकन २०११ मध्ये मिळाले.

स्थानिक वाण मूळ परिसराबाहेर नेल्यास त्याचे गुण तसेच राहतील याची खात्री नसते. रंग व स्वाद यांवर तेथील माती आणि हवामान यांचाही प्रभाव असतो.

### सुधारित व संकरित वाण

दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा ज्वाला व पुसा सदाबहार हे वाण विकसित केले. ज्वालाची फळे लांब, वळणदार व खाली लोंबणारी असतात. सदाबहारची फळे झुबक्यांत, वर तोंड करून लागतात आणि झाड एकाहून अधिक हंगाम टिकते. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले ज्योती व अग्निरेखा, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी तेजस, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा जयंती आणि दापोली येथील कृषी विद्यापीठाचा कोकण कीर्ती हे वाण महाराष्ट्रासाठी विकसित झाले आहेत. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे वाण ‘अर्का’ या उपसर्गाने ओळखले जातात. याखेरीज खासगी कंपन्यांचे अनेक संकरित वाण बाजारात मिळतात.

संकरित वाण एकसारखे वाढतात व सहसा अधिक उत्पादन देतात. परंतु त्यांच्या फळांतील बी पेरल्यास पुढील पिढीत झाडे भिन्न गुणांची निघतात. ज्या कुटुंबाला दरवर्षी स्वतःचे बी राखायचे आहे, त्याच्यासाठी सरळ वाण योग्य ठरतो.

## बियाण्याची पारख

मिरचीचे निरोगी बी चपटे व फिकट पिवळे असते. एका ग्रॅममध्ये साधारण १५० ते २०० बिया भरतात. काळपट किंवा डागाळलेले बी टाळले जाते, कारण फळकुजीची बुरशी बियाण्यातून पुढील पिकात येऊ शकते. भारतात प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी, तर पायाभूत बियाण्याच्या पिशवीला पांढरी खूणचिठ्ठी असते. मिरचीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ६० टक्के असावी लागते. खूणचिठ्ठीवरील चाचणीची तारीख महत्त्वाची असते, कारण साध्या साठवणीत दोन-तीन वर्षांनंतर उगवण झपाट्याने घटते.

घरी उगवण तपासण्यासाठी मोजून २० बिया ओल्या कापडात गुंडाळून उबदार जागी ठेवतात व मोड आलेल्या बिया मोजतात. २५ ते ३० अंश तापमानात सामान्य वाणांना एक ते दोन आठवड्यांत, तर चिनेन्स प्रजातीच्या वाणांना तीन-चार आठवड्यांपर्यंत मोड येतात. रंगीत थर असलेले बी बहुधा बुरशीनाशक लावलेले असते. ते खाण्यात येऊ देऊ नये व लहान मुलांपासून दूर ठेवावे.

## झाडावरील पारख

एका झाडावरून किंवा एका हंगामावरून वाणाविषयी निष्कर्ष काढणे दिशाभूल करणारे ठरते. परसबागेत पुढील रीत व्यवहार्य असते:

१. प्रत्येक नव्या वाणाची किमान दोन-तीन झाडे लावावीत आणि त्यांच्याच शेजारी आधीपासून परिचित असलेला एक वाण तुलनेसाठी घ्यावा. सर्वांना सारखीच माती, ऊन व पाणी द्यावे. अशा तुलनेअभावी चांगले उत्पादन वाणामुळे मिळाले की चांगल्या हंगामामुळे, हे कळत नाही.

२. पेरणी, पहिले फूल, पहिली तोडणी व शेवटची तोडणी यांच्या तारखा लिहून ठेवाव्यात.

३. प्रत्येक तोडणीची फळे मोजावीत व त्यांचे वजन करावे. पहिल्या तोडणीला भरघोस दिसणारे झाड नंतर थंडावते, तर एखादे झाड थोडी पण सातत्याने फळे देते. घरगुती वापरासाठी दुसरे अधिक उपयोगी असते.

४. पाने वळणे, फूलगळ, फळकूज यांची नोंद झाडागणिक ठेवावी.

५. चव वेगवेगळ्या झाडांवरील, सारख्या वयाच्या तीन-चार फळांची घ्यावी. प्रथम वास घ्यावा, मग टोकाचा लहान तुकडा आणि शेवटी शिरेजवळचा तुकडा चाखावा. दोन वाणांच्या मध्ये दही किंवा दूध व भात खाऊन काही वेळ थांबावे. कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या पाण्याने दाह शमत नाही.

६. तिखटपणा आणि स्वाद यांची नोंद स्वतंत्र करावी. तिखट लागणारी प्रत्येक मिरची स्वादिष्ट असतेच असे नाही. कच्चेपणीची चव आणि तेलात परतल्यावरची चवही भिन्न असते.

७. वाळवणाच्या वाणात ताज्या एक किलो फळांपासून किती वाळकी मिरची मिळाली, रंग टिकला की फिकट पडला आणि देठ घट्ट राहिले का, हे पाहावे.

## बी राखणे

मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळ धरू शकते, परंतु मधमाश्या व इतर कीटकांमुळे परपरागणही मोठ्या प्रमाणात होते. भारतीय बीज प्रमाणीकरणात दोन वाणांमध्ये प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर व पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर अंतर आवश्यक मानले जाते. परसबागेत इतके अंतर मिळत नाही. त्यामुळे फूल उमलण्यापूर्वी कळ्या असलेल्या फांदीवर पातळ मलमलीची पिशवी बांधतात व फुले उमलल्यावर फांदी हलकेच हलवतात. फळ धरल्यानंतर पिशवी काढून देठाला दोरा बांधून खूण ठेवतात.

बी राखण्यासाठी सर्वांत मोठे फळ निवडण्याऐवजी सर्वांत चांगले झाड निवडणे श्रेयस्कर असते. त्यातही संपूर्ण हंगामात निरोगी राहिलेली एकाहून अधिक झाडे घेतल्यास वाणातील विविधता टिकते. फळे झाडावरच पूर्ण लाल होऊ देतात, बी काढून सावलीत वाळवतात आणि कोरड्या, हवाबंद बरणीत वाण व वर्ष लिहून ठेवतात.

अधिक उत्पादन देणाऱ्या संकरित वाणांच्या प्रसारामुळे अनेक भागांत स्थानिक वाणांखालील क्षेत्र घटले आहे. बी सलग काही वर्षे पेरले गेले नाही, तर त्याची उगवणशक्ती संपते व वाण कायमचा नाहीसा होऊ शकतो. त्यामुळे चार झाडांची परसबागही वाणाच्या संवर्धनात महत्त्वाची ठरते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या उत्पादनातील बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी त्या वाणाच्या नाममुद्रेखाली विकण्यास मात्र मनाई आहे.

## प्रचलित समज

* ‘ढोबळी मिरचीशेजारी तिखट मिरची लावल्यास ढोबळी तिखट होते.’ – त्या हंगामातील फळ तिखट होत नाही, कारण साल व शीर हे मातृझाडाचे भाग असतात. परपरागणाचा परिणाम त्या फळातील बी पेरून वाढवलेल्या पुढील पिढीत दिसतो.
* ‘जितकी लाल तितकी तिखट.’ – रंग व तिखटपणा यांची संयुगे भिन्न आहेत.
* ‘जितकी लहान तितकी तिखट.’ – अनेक वाणांबाबत हे खरे असले, तरी तो नियम नाही. बोटाएवढ्या सौम्य मिरच्याही असतात, तर भूत जोलोकिया लवंगीपेक्षा आकाराने मोठी असते.

## दक्षता

अतितिखट वाण हाताळताना हातमोजे वापरावेत आणि डोळ्यांना व चेहऱ्याला हात लावू नये. हाताची आग होत असल्यास प्रथम तेल चोळून नंतर साबणाने धुणे उपयुक्त ठरते. वाळकी मिरची कुटताना किंवा भाजताना उडणाऱ्या खकाण्यामुळे ठसका लागतो, त्यामुळे हे काम मोकळ्या हवेत केले जाते. दमा असलेल्यांनी ते टाळावे. तंबाखू हाताळलेल्या हातांवाटे तंबाखूचा विषाणू मिरचीच्या रोपांत पसरू शकतो, म्हणून तंबाखू मळल्यानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय रोपांना स्पर्श करू नये. लहान मुले असलेल्या घरात वर तोंड केलेल्या शोभिवंत लाल मिरच्यांच्या कुंड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. फळे आकर्षक दिसत असली, तरी ती अतिशय तिखट असू शकतात.

## हेही पहा

* मिरची
* ढोबळी मिरची
* परसबाग
* भौगोलिक मानांकन